आतड्यातील विद्युत पहारा

विजातीय विद्युतभार एकमेकांना आकर्षितात, हा नियम तुम्ही वर्गात शिकला आहात. हाच नियम या क्षणी तुमच्या पोटात काम करीत आहे, असे सांगितले तर?

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. ते आणि आपले रक्त यांच्यामध्ये चिकट श्लेष्मा व त्याखाली पेशींचा अवघा एक पदर असतो. एवढ्या पातळ भिंतीचे रक्षण कोण करते? व्हिएन्नाचे जोसेफ पॅनेथ यांनी १८८८ साली लहान आतड्याच्या अस्तरातील खळग्यांच्या तळाशी असलेल्या दाणेदार पेशींचे वर्णन केले. त्या दाण्यांत जंतुनाशक द्रव्ये साठविलेली असतात, हे आज आपणांस ठाऊक आहे. ‘डिफेन्सिन’ हे त्यांपैकीच एक. सुमारे ३० अमिनो आम्लांच्या या चिमुकल्या साखळीला पेप्टाइड म्हणतात.

या साखळीवर धनभार असतो, तर जिवाणूच्या पृष्ठभागावर ऋणभार. त्यामुळे ती जिवाणूकडे ओढली जाते, त्याच्या पटलात घुसते आणि त्याला भोके पाडते. मग आपल्या पेशी कशा वाचतात? त्यांच्या पटलाची बाहेरची बाजू जवळजवळ भाररहित असते; शिवाय कोलेस्टेरॉलमुळे ते पटल बळकट झालेले असते.

हा पहारा सैल पडला तर जिवाणूंच्या बाह्य आवरणाचे तुकडे रक्तात झिरपू शकतात. मग शरीरात सौम्य पण सततचा दाह सुरू होतो. अशा वेळी यकृत व स्नायू इन्शुलिनला नीट दाद देत नाहीत आणि रक्तातील साखर वाढते. फ्रान्समध्ये तुलूझ येथे झालेले प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाले. उंदरांना चार आठवडे अतिस्निग्ध आहार देताच त्यांच्या रक्तात हे तुकडे वाढले. दुसऱ्या उंदरांना आहार साधाच दिला, पण हे तुकडे थोडेथोडे शरीरात सोडले. तरीही त्यांचे वजन व साखर वाढली!

अर्थात, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मधुमेहाला आनुवंशिकतेसारखी इतरही कारणे आहेत. तेव्हा ‘आतडे सुधारा, मधुमेह घालवा’ अशी जाहिरात दिसली, तर आधी पुरावा मागा. मात्र डब्यातील उसळ-भाकरी टाकू नका. तंतुमय अन्न न मिळाल्यास काही जिवाणू श्लेष्म्याचाच थर खाऊ लागतात, असे उंदरांत आढळले आहे.

विचार करा : परीक्षानळीत मिठाचे प्रमाण वाढविले, की अनेक डिफेन्सिनांचा प्रभाव कमी होतो. असे का व्हावे? (सूचना : मीठ पाण्यात विरघळल्यावर कोणते आयन तयार होतात?)