रिकाम्या यादीचा निकाल

चि. सायलीस,

यादीतले सगळे गुण ३५ किंवा वर आहेत का, एवढ्यासाठी तू पाच ओळी लिहिल्यास: आधी फ्लॅग ट्रू, मग लूप, आत इफ, फ्लॅग फॉल्स, ब्रेक. उत्तर बरोबर येतं. पण वाचणाऱ्याला फ्लॅगचा माग काढत शेवटच्या ओळीपर्यंत जावं लागतं, तेव्हा कुठे तुझा प्रश्न काय होता ते कळतं. पायथनमध्ये २००६ च्या २.५ आवृत्तीपासून ‘ऑल’ आणि ‘एनी’ आहेत, म्हणजे ‘सगळे’ आणि ‘एखादा तरी’. त्यांच्यामुळे प्रश्न पहिल्याच शब्दात दिसतो. ओळी कमी होतात हा फायदा मी दुय्यम धरतो. ब्रेक गेला म्हणून वेग जाईल, ही भीतीही नको. पहिला नापास सापडताच ‘ऑल’ थांबतं. मात्र आत चौकोनी कंस घालू नकोस (ही सवय भल्याभल्यांना असते), नाहीतर आधी पूर्ण यादी तयार होते आणि मग तपासणी सुरू होते.

तू म्हणशील, यादी रिकामी असली तरी ‘ऑल’ ट्रू देतं. एकही विद्यार्थी नसलेल्या वर्गात सगळे पास कसे? विचित्र वाटतं खरं. पण ‘सगळे पास’ हे खोटं पाडायला एक नापास दाखवावा लागतो आणि इथे दाखवायला कुणीच नाही. शिवाय वर्गाच्या दोन तुकड्या केल्या, तर दोन्हींत सगळे पास असतील तेव्हाच वर्ग पास. त्यातली एक तुकडी रिकामी निघाली म्हणून दुसरीचा निकाल बदलता कामा नये. आणि तुझा लूप काय सांगतो? तोही ट्रूच, कारण फ्लॅग तसाच सुरू झाला होता. हा निर्णय तूही घेतलाच होतास, नकळत. रिकामा वर्ग पास धरायचा नसेल तर ‘यादी अँड ऑल’ असं उघड लिही.

खरा घात होतो तो अट न लिहिता नुसती यादी ‘एनी’कडे दिल्यावर. समज, परीक्षेला कुणी बसलं होतं का, हे विचारायचं आहे. गैरहजराच्या जागी ‘नन’ असतं, म्हणजे ‘काहीच नाही’. पण पायथन शून्यालाही फॉल्स मानतं, म्हणून बसलेल्या सगळ्यांना शून्य मिळालं तर कुणी बसलंच नाही असं उत्तर येतं. तिथे ‘इज नॉट नन’ लिहायचा कंटाळा करू नकोस. आणि नापास कोण, हे नाव हवं असेल तर ‘ऑल’ ते सांगणार नाही. तिथे तुझा लूपच ठेव.

तुझा,
काका