१४. उमेदवारी

(घरची जबाबदारी अंगावर पडली की अनेक मुलांना लवकर कामाला लागावे लागते. त्यांचे शिक्षण तिथेच संपते का? काम करता करता अभियंता होण्याच्या वाटेवर कोणते टप्पे आहेत आणि त्या वाटेवर कोणती काळजी घ्यावी लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

'उमेदवार' हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत 'उम्मीदवार' म्हणजे आशा बाळगणारा. फारसीतून हा शब्द मराठीतही आला. निवडणुकीला उभा राहतो तो उमेदवार, आणि उस्तादाच्या हाताखाली काम शिकतो तोही उमेदवारच. 'त्याने गॅरेजमध्ये दोन वर्षे उमेदवारी केली,' असे आपण सहज बोलतो.

आपला कवठे महांकाळ तालुका दुष्काळी. पाऊस कमी, म्हणून कृष्णा नदीचे पाणी म्हैसाळ येथे पंपांनी उचलून टप्प्याटप्प्याने वर आणावे लागते. या पंपांजवळ फिटर लागतो, वायरमन लागतो आणि अभियंताही लागतो. फिटर उद्या अभियंता होऊ शकेल का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील एक उदाहरण पाहू.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. परंतु त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. चित्रकला सोडावी लागली. ते निराश झाले नाहीत. यंत्रांची रेखाटने काढण्यासाठी रंगांची गरज नव्हती. ती विद्या त्यांनी आत्मसात केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते रेखाटनाचे शिक्षक झाले. तास संपला की ते संस्थेच्या कार्यशाळेत जात. यंत्रे कशी चालतात, ती कशी खोलावी व जोडावी, हे ते तेथे पाहून आणि हाताने करून शिकले. वर्गात ते शिक्षक होते, पण कार्यशाळेत विद्यार्थी होते.

पुढे नोकरी सोडून ते बेळगावला आले. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर त्यांनी बनवले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्यांच्या या कारखान्यात अनंतराव फळणीकर होते. त्यांनी शाळा अर्धवट सोडली होती, पण लक्ष्मणरावांनी त्यांच्यातील कल्पक अभियंता ओळखला. शंभूराव जांभेकर तर मनगटी घड्याळापासून कारखान्याच्या इंजिनापर्यंत कोणतेही यंत्र एकट्याने दुरुस्त करीत.

त्या काळी हातातील कसब पाहून काम मिळे. आज कसबाबरोबर प्रमाणपत्रही मागितले जाते. त्यासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय.टी.आय.मध्ये, फिटर किंवा टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. नंतर कारखान्यात शिकाऊ उमेदवार होता येते. भारतात यासाठी १९६१ साली कायदा झाला. या काळात उमेदवाराला विद्यावेतन मिळते. १९७३ च्या दुरुस्तीनंतर पदवी आणि पदविका घेतलेल्या अभियंत्यांनाही या कायद्याखाली उमेदवारी करता येऊ लागली. आय.टी.आय. झालेल्याला पदविकेच्या आणि पदविका झालेल्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो.

पण ज्याच्या पगारावर घर चालते, त्याने दिवसा महाविद्यालयात कसे जावे? या अडचणीवर २०२३ साली एक मार्ग निघाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मान्यता घेतलेल्या महाविद्यालयांना नोकरदारांसाठी सोयीच्या वेळी वर्ग चालवण्याची परवानगी दिली. इंग्लंडमध्ये २०१५ पासून 'पदवी उमेदवारी' सुरू आहे. तेथे उमेदवाराला पगार मिळतो, शिक्षणाची फी त्याला भरावी लागत नाही आणि कामाच्या वेळातच अभ्यासाला वेळ मिळतो.

या वाटेवर डोळे उघडे ठेवावे लागतात. काही अभिमत विद्यापीठांनी २००१ नंतर आवश्यक परवानगी न घेता दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील काही पदव्या रद्द केल्या आणि काही स्थगित करून त्या विद्यार्थ्यांना पुन्हा परीक्षा देण्यास सांगितले. नोकरी सांभाळून, पोटाला चिमटा घेऊन ज्यांनी फी भरली होती, त्यांचे केवढे नुकसान झाले असेल! म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाला मान्यता आहे की नाही, हे स्वतः तपासावे. कोणाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

दुसरी अडचण वेळेची. दिवसभर यंत्रापुढे उभे राहिलेल्या माणसाचे रात्री पुस्तकावर डोळे मिटतात. कवठे महांकाळहून मिरजेच्या कारखान्यात जायचे, तर जाण्यायेण्यातच बराच वेळ जातो. अशा विद्यार्थ्याने रोज एकच तास, पण ठरलेल्या वेळी अभ्यास करावा. घरच्यांनीही तो तास त्याला मोकळा द्यावा.

त्याच्याजवळ एक भांडवल मात्र असते. ते म्हणजे त्याचे काम. लेथवर ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला २०० फेरे फिरतो, असे समजा. वर्तुळाचा परीघ काढण्याचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. ३.१४ गुणिले ५० म्हणजे १५७ मिलिमीटर. त्याला २०० ने गुणले की ३१,४०० मिलिमीटर, म्हणजे ३१.४ मीटर. दांड्याचा एवढा पृष्ठभाग दर मिनिटाला हत्यारासमोरून जातो. यालाच कर्तन वेग म्हणतात. वेग फार वाढला तर हत्याराची धार लवकर जाते, हे टर्नरला अनुभवाने कळते. किती वाढवावा, हे त्याला गणित सांगते. हाताचे ज्ञान आणि पुस्तकाचे ज्ञान असे एकत्र आले, की तिशीतला विद्यार्थीही वर्गात मागे पडत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींना दहावीनंतर कामाला लागावे लागेल. लागा, पण गणिताचे आणि रेखाटनाचे पुस्तक रद्दीत घालू नका. त्यांची गरज पुढे पडणार आहे.

शब्दार्थ
आत्मसात करणे – पूर्णपणे शिकून घेणे
कसब – हुनर, कौशल्य
कल्पक – नवे सुचणारा
विद्यावेतन – वजीफा
दूरशिक्षण – घरी राहून घेतलेले शिक्षण
पोटाला चिमटा घेणे – खाण्यापिण्यातही काटकसर करणे
विसंबणे – भरवसा ठेवणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लक्ष्मणरावांना चित्रकला का सोडावी लागली?
(आ) किर्लोस्करवाडी केव्हा वसली?
२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'वर्गात ते शिक्षक होते, पण कार्यशाळेत विद्यार्थी होते,' असे लेखक का म्हणतो?
(आ) प्रवेश घेण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी? का?
३. 'कारखाना', 'उस्ताद', 'दुरुस्त' हे शब्द उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधून वाक्यांत उपयोग करा.
४. तुमचे भाईजान शिक्षण सोडून कारखान्यात कामाला लागले आहेत. पुढे शिकण्याविषयी त्यांना मराठीत पत्र लिहा.