पदक कोणाचे, शौर्य कोणते? : आपल्या भागातील शौर्यपदकांचा शोध

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने दापोडीहून कासारवाडीकडे येताना कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगचे विस्तीर्ण आवार लागते. नदीपलीकडे खडकीला बॉम्बे सॅपर्सचे केंद्र आणि दारूगोळ्याचा कारखाना. पलटणीतून निवृत्त झालेली कितीतरी माणसे नंतर या कारखान्यांतून किंवा पिंपरी-आकुर्डीच्या कंपन्यांतून नोकरीला लागली आणि आसपासच्याच वस्त्यांत स्थायिक झाली. तेव्हा पेटीच्या तळाशी, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेले एखादे मेडल आपल्या भागात निघाले तर त्यात नवल नाही. नातवंडे अभिमानाने सांगतात, "आजोबांना शौर्यपदक मिळाले होते." ते खरे असू शकते; पण पुष्कळदा ते शौर्यपदक नसते. हा फरक कसा ओळखावा आणि खऱ्या मानकऱ्याचा शोध कसा घ्यावा, हे विद्यार्थ्यांना कळावे म्हणून आम्ही हा पाठ लिहीत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. युद्धाच्या वेळी सेवेत असल्याबद्दल मिळणारे पदक वेगळे आणि एखाद्याने केलेल्या विशिष्ट धाडसाबद्दल मिळणारे पदक वेगळे. समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल १९६५ च्या युद्धासंबंधीची. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल १९७१ ची. ती हजारोंना मिळाली. त्यांत कमीपणा काही नाही, पण ती शौर्यपदके नव्हेत. शत्रूसमोरील शौर्यासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र आहेत. त्यांची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली, मात्र ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. रणांगणाबाहेरील शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र आहेत. १९६७ पूर्वी या तिघांना अशोक चक्र वर्ग १, २ आणि ३ असे म्हणत. म्हणून जुन्या कागदावर 'अशोक चक्र, वर्ग ३' असे दिसले तर ते आजचे शौर्य चक्र समजावे. सेना मेडलच्या बाबतीत जरा जपून राहावे, कारण ते शौर्यासाठीही देतात आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही.

रंगावरूनही थोडे कळते. परमवीर चक्र कांस्य धातूचे असून त्याची फीत जांभळी असते. त्यावर इंद्राच्या वज्राच्या चार आकृत्या असतात. त्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी केला. त्या जन्माने युरोपीय, पण विक्रम खानोलकर या मराठी अधिकाऱ्याशी विवाह करून इथल्याच झाल्या. वीर चक्र चांदीचे असते आणि त्याची फीत अर्धी निळी, अर्धी नारिंगी असते.

आता 'स्थानिक' कोणास म्हणावे, हा प्रश्न. राम राघोबा राणे यांचे उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म १९१८ मध्ये कारवारजवळच्या चेंडिया गावी झाला. भरती झाली बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे आपल्या शेजारच्या खडकीच्या दलात. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर शत्रूने सुरुंग पेरले होते आणि झाडे आडवी पाडली होती. सेकंड लेफ्टनंट राणे जखमी झाले, तरी दिवसरात्र सुरुंग काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीर चक्र मिळाले. १९९४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. आजवर अवघ्या २१ जणांना हा सन्मान मिळाला आणि त्यांतील १४ जणांना मरणोत्तर. राणे जिवंतपणी मिळवणाऱ्यांपैकी. कारवारकर त्यांना आपले म्हणतात, ते योग्यच. पण खडकीचाही त्यांच्यावर हक्क आहे. त्याचप्रमाणे नामदेव जाधव. गाव संगमनेरकडील निमज, पलटण मराठा लाइट इन्फंट्री. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीवर दोन जखमी साथीदारांना त्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले, पुन्हा पुढे जाऊन मशीनगनचे मोर्चे बंद पाडले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आमच्या मते जन्मगाव, पलटणीचे ठाणे आणि निवृत्तीनंतरचे राहण्याचे ठिकाण अशा तिन्ही जागी नोंद करावी. एकाच जागी शोधले तर माणूस निसटतो.

यापुढचा प्रश्न आपल्या समाजाला विशेष लागू आहे. पूर्वीच्या शौर्यपदकांच्या याद्यांत महार शिपायांची नावे इतकी थोडी का? त्याचे उत्तर तारखांत आहे.

१ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटन यांची सुमारे ८०० जणांची तुकडी भीमेकाठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या सैन्याशी दिवसभर झुंजली. पुणे-नगर रस्त्यालगतच्या स्तंभावर कंपनीच्या ४९ मृत सैनिकांची नावे आहेत आणि त्यांपैकी २२ नावे 'नाक' या प्रत्ययावरून महारांची म्हणून ओळखली जातात. पण त्यांना पदक कोणते द्यायचे? देशी शिपायांसाठीचा 'ऑर्डर ऑफ मेरिट' कंपनीने १८३७ मध्ये सुरू केला. कोरेगावच्या लढाईची पट्टी असलेले 'आर्मी ऑफ इंडिया' पदक मंजूर झाले १८५१ मध्ये, तेही त्या वेळी हयात असलेल्यांनाच. तेहतीस वर्षे कोण थांबणार? जे त्या दिवशीच पडले त्यांना तर पाषाणावरचे नावच मिळाले.

पुढे १८९० नंतरच्या दशकात 'लढाऊ जाती'च्या धोरणाखाली महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस खुला झाला १९११ मध्ये, म्हणजे जेव्हा आपल्यासाठी पलटणीचे दार बंद होते तेव्हा! पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये ती मोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे स्वतः सुभेदार रामजी सकपाळांचे चिरंजीव. हा अन्याय त्यांना घरातूनच ठाऊक होता. जुलै १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. आरंभीच्या तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. तेव्हा कोणी "तुमच्यात पदके कोठे आहेत?" असे विचारले तर आधी १८९० ते १९४१ पर्यंतचा हा हिशेब मांडावा.

येथे एक सावधगिरी हवी. रेजिमेंटच्या नावावरून सैनिकाची जात धरू नये. महार रेजिमेंटचे परमवीर चक्र मिळाले ते ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना, मरणोत्तर. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत छातीत गोळी लागली असतानाही त्यांनी शत्रूच्या हातची रायफल हिसकावून त्याला ठार केले. ते तमिळ कुटुंबातले आणि जन्म मुंबईचा. उलट आपल्या समाजाचे पुष्कळ जवान इतर दलांतही होते.

नावांचा घोळ तर सर्वांत मोठा. जुन्या नोंदीत 'नाक' लावलेले नाव, मुलाच्या वेळी गावावरून पडलेले आडनाव, इंग्रजी स्पेलिंगचे चार प्रकार. सकपाळांच्या घरात आंबेडकर हे नाव कसे प्रसिद्ध झाले, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून केवळ आडनावावर विसंबू नये. सैनिक क्रमांक हीच खरी खूण. तो डिस्चार्ज बुकात असतो, पेन्शनच्या कागदावर असतो आणि पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या तर कडेवरच क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. क्रमांक हाती आला की पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिता येते. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करावी. चक्र मिळाले असेल तर त्याची घोषणा भारताच्या राजपत्रात छापलेली असते आणि इंग्रजी काळातील पदकांची लंडन गॅझेटमध्ये. राजपत्रात नाव असेल तरच 'शौर्यपदक विजेते' असे लिहावे. नसेल तर 'अमुक युद्धात सेवा' असे लिहावे. तीही नोंद सोसायटीच्या वहीत मानाने घ्यावी.

विद्यार्थ्यांनी घरोघरी जाताना दोन पथ्ये पाळावीत. पदक घराबाहेर नेऊ नये. वीरपत्नीची किंवा घरातील वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन तेथेच दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा. आणि चकाकी आणण्यासाठी ते ब्रासोने किंवा चिंचेने घासू नये, कारण कडेवरची अक्षरे आधीच बारीक असतात. पातळ कागद कडेवर धरून वरून पेन्सिल हलकेच फिरवली की अक्षरे उमटतात. तो कागद तारीख घालून वहीत चिकटवावा.