शोभिवंत माशांच्या वाढीसाठी प्रोबायोटिक खाद्य

काचपेटीत विहरणारे रंगीत मासे पाहणाऱ्यास आनंद देतात. संवर्धकास मात्र त्यांतून उत्पन्न मिळवावयाचे असते. चेन्नईतील कोळत्तूर आणि कोलकात्याचा परिसर येथे अनेक कुटुंबांचा चरितार्थ या व्यवसायावर चालतो. मासा विक्रीयोग्य होईपर्यंत खाद्याचा खर्च व मरतुकीचा धोका कायम राहतो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणूनच वाढीस चालना देणाऱ्या प्रोबायोटिक खाद्याचे महत्त्व जाणून घेणे उपयुक्त ठरते.

योग्य प्रमाणात दिले असता आरोग्यास हितकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. मत्स्यखाद्यात मुख्यतः बॅसिलस व लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू आणि यीस्ट वापरले जाते. हे सूक्ष्मजीव आतड्यात अन्नपचनास साहाय्य करतात, तसेच जागा व पोषणद्रव्ये यांसाठी स्पर्धा करून रोगकारक जिवाणूंना थोपवितात.

भारतीय संशोधकांनी मृगळ माशाच्या आतड्यातून मिळविलेला बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू गप्पी, मॉली, स्वोर्डटेल व प्लॅटी या माशांना खाद्यातून दिला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात माशांची वाढ व जगण्याचे प्रमाण सुधारल्याचे आढळले. प्रजननाविषयीच्या २००७ मधील अभ्यासात पिल्लांची संख्याही वाढली. मात्र मात्रा वाढविल्याने लाभ त्याच प्रमाणात वाढतोच असे नाही, हेही स्पष्ट झाले.

वापर करताना काही पथ्ये पाळावीत. लॅक्टोबॅसिलस व यीस्ट उष्णतेने नष्ट होतात. त्यामुळे शिजविलेले खाद्य पूर्णपणे थंड झाल्यावरच ते मिसळावे. क्लोरीनयुक्त पाणी वापरू नये. प्रतिजैविके चालू असताना प्रोबायोटिक दिल्यास ते बहुधा व्यर्थ जाते.

खर्च करण्यापूर्वी स्वतः पडताळणी करावी. एकाच वेळी जन्मलेली, समान संख्येची पिल्ले दोन टाक्यांत ठेवून एकीस नेहमीचे व दुसरीस प्रोबायोटिकयुक्त खाद्य साठ दिवस द्यावे. दर पंधरवड्यास वजन व मरतुकीची नोंद ठेवावी. समजा, १०० ग्रॅम खाद्यावर पहिल्या टाकीत ५० ग्रॅम व दुसरीत ६० ग्रॅम वजन वाढले, तर एक ग्रॅम वाढीस अनुक्रमे २ व १.६७ ग्रॅम खाद्य लागले. या बचतीतून प्रोबायोटिकची किंमत भरून निघत असेल, तरच ते सर्व टाक्यांत वापरावे.

स्वच्छ पाणी, माफक दाटी व सकस आहार यांना प्रोबायोटिक पर्याय नव्हे. ते केवळ पूरक आहे. नोंदवहीने दिलेला कौल हाच संवर्धकाचा खरा मार्गदर्शक होय.