गुळवेलीची पारख : ओळख आणि परिणाम

वसई-विरार परिसरात कुंपणांवर व झाडांवर चढणारी गुळवेल पूर्वापार परिचयाची आहे. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढविणारे पूरक म्हणून तिचे काढे, चूर्णे व गोळ्या मोठ्या प्रमाणावर घेतल्या गेल्या.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे तेथील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीच्या घटकांचे पृथक्करण झालेले नाही, अशी हरकत केंद्रीय आयुष मंत्रालयाने घेतली. गुळवेलीसारखीच दिसणारी, परंतु यकृतास अपायकारक असलेली ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही वेल चुकून वापरली गेली असावी, असेही मंत्रालयाने सुचविले.

या वादाचा बोध असा की, ओळख व परिणाम यांची तपासणी स्वतंत्रपणे व्हावयास हवी. वेलीचे चूर्ण झाल्यावर पाने व खोड यांच्या खुणा नाहीशा होतात. तेव्हा सूक्ष्मदर्शक व रासायनिक पृथक्करण यांचाच आधार उरतो. आयुर्वेदीय मानकांनुसार शिसे दर दशलक्ष भागांत १० व आर्सेनिक ३ भागांपेक्षा अधिक असता कामा नये. तथापि शुद्ध नमुनाही प्रत्येकास निर्धोक असतोच असे नाही. त्याचा निर्णय रुग्णाच्या रक्तचाचण्यांवरून करावा लागतो.

ग्रामस्थांनी परवाना व बॅच क्रमांक पाहूनच औषध घ्यावे. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसल्यास ते तत्काळ थांबवून पाकिटासह प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. उरलेले चूर्ण फेकू नये. तपासणीस तोच पुरावा होय.