विहिरीतील विद्युत्पंपासाठी योग्य दोराची निवड

भंडारा जिल्हा धानाचा व तलावांचा प्रदेश म्हणून प्रसिद्ध आहे. पावसाने ओढ दिली असता, तसेच उन्हाळी धानासाठी, विहिरींचे पाणी विद्युत्पंपाने उपसावे लागते. पाण्यात बुडणारा पंप दोराने विहिरीत सोडतात व दुरुस्तीच्या वेळी त्याच दोराने वर ओढतात. केबलचे वेष्टन फाटले असल्यास वीज पंपाच्या धातूच्या अंगात उतरते व ओल्या दोरातून ओढणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचू शकते. म्हणून दोराची केवळ मजबुती पाहून भागत नाही.

तारेचा दोर बळकट खरा. परंतु तो वीजवाहक आहे. अंबाडी, ताग व काथ्या यांचे दोर पाणी शोषून घेतात. भिजल्यावर त्यांतून वीज वाहते, शिवाय ते कुजतात. नायलॉनचा दोर मजबूत असला तरी थोडे पाणी शोषतो. पॉलिप्रॉपिलीनचा धागा पाणी जवळजवळ शोषत नाही व कुजतही नाही; म्हणून या कामास तो अधिक योग्य होय. मात्र उन्हाने तो कमजोर होतो. तंतू तुटू लागताच दोर बदलावा.

बाजारात पुष्कळदा प्लॅस्टिकच्या कोणत्याही दोरास नायलॉनच म्हणतात. ओळख सोपी आहे. वीतभर तुकडा बादलीतील पाण्याखाली पिळून, आतील हवा काढून सोडावा. नायलॉन पाण्याहून जड (घनता सुमारे १.१४) असल्याने बुडतो; पॉलिप्रॉपिलीन (सुमारे ०.९१) तरंगतो.

तथापि, उत्तम दोरावरही पाणी, चिखल व शेवाळ साचते आणि त्यांतून वीज वाहू शकते. तेव्हा कोणत्याही दोरावर विसंबू नये. पुढील नियम कटाक्षाने पाळावेत :

१. पंपास हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून तिन्ही फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवावेत. केवळ वीज गेली आहे म्हणून काम सुरू करू नये. ऑटो स्विचमुळे पंप अचानक चालू होतो.
२. केबलला धरून पंप कधीही ओढू नये.
३. पंपाचे अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे.
४. कोणास विजेचा धक्का बसल्यास प्रथम स्विच बंद करावा. त्यापूर्वी त्या व्यक्तीस स्पर्श करू नये.
५. तुटून पडलेली तार कोणत्याही दोराने ओढू नये. दूर राहून महावितरणास कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बादलीचा हा प्रयोग शेतकरी बंधूंच्या सभेत प्रत्यक्ष करून दाखवावा आणि हे नियम प्रत्येक पंपघरात लावण्यास सांगावे.