दहा फुटांवरचं नाणं

राजेहो, अचलपूर काय नि बाळापूर काय, गुप्तधनाच्या गप्पा सगळीकडे. ‘दहा फुटांवरचं नाणं दाखवतं’ म्हणत मशीन विकणारेही भेटतात. मला ते पटत नाही. कॉइलपासून दूर गेलं की तिचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. नाण्यातल्या एडी करंटचं परतीचं क्षेत्रही तसंच. म्हणजे खोली दुप्पट झाली की सिग्नल जवळपास ६४ पट क्षीण! साध्या डिटेक्टरला रुपयाएवढं नाणं साधारण २०-३० सेंमीपर्यंतच कळतं. त्यात आपली काळी माती बेसाल्टची. तिच्यातली लोहखनिजंच मशीनला चकवतात. धातूचा हंडा असेल तर थोडा खोलवरही लागेल, पण १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. गाविलगड-नरनाळ्यावर परवानगीविना खणणं तर गुन्हाच.